वटवाघळाच्या रक्तातला एक ठिपका

माझी आत्या सदतीस वर्षं रक्त वाचत आली. माणसांचं नाही. माणसांमध्ये तिला फारसा रस नव्हता, आणि खरं सांगायचं तर माणसांनाही तिच्यात नव्हता. वटवाघूळ, सरडा, घुबड, हरीण, कुणाच्याही रक्ताचा थेंब काचेवर पसरून, रंगवून तिच्या टेबलावर यायचा आणि ती मायक्रोस्कोपला डोळा लावून त्यात मलेरियाचे परजीवी शोधायची. संशोधन केंद्रात तिला काचबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ऐकू जाईल इतपत.

मला त्याच केंद्राच्या ऑफिसात टायपिस्टची नोकरी लागली आणि मी तिच्या खोलीत मुक्काम ठोकला. जेवताना ती एकाच विषयावर बोले.

"मलेरिया म्हटला की तुम्हाला वाटतं, तो आपल्याच मालकीचा," ती म्हणायची. "अरे, आपला मलेरिया म्हणजे त्या मोठ्या घराण्याची एक बारकी फांदी. पाखरांत वेगळे, सरड्यांत वेगळे, वटवाघळांत तर विचारूच नकोस. एका प्राण्यातून दुसऱ्यात जायचं, तिथे जमलं तर हळूहळू रूप बदलायचं, आणि मग मूळ घराची ओळखही ठेवायची नाही."

"आपल्यासारखंच की," मी म्हणालो. माझे बाबा आणि ती, सख्खी भावंडं, अकरा वर्षं बोललेली नव्हती. ती हसली नाही. भांडी उचलून मोरीकडे गेली.

बावीस वर्षांपूर्वी एका वटवाघळाच्या काचेवर तिला एकच पेशी अशी दिसली, की जिच्यातला परजीवी तिच्या पाहण्यातल्या कुणासारखाच नव्हता. रजिस्टरात तिनं लिहिलं, 'वेगळा'. केंद्राच्या तेव्हाच्या प्रमुख सरांनी अर्धं मिनिट पाहिलं, "रंगाचा गाळ आहे, बाई," असं खेकसले आणि तिच्या शब्दावर लाल रेघ मारली.

"गाळ पेशीच्या वर बसतो," आत्या मला सांगायची, जणू ते सर मीच. "नॉब किंचित फिरवला की पेशी पुसट होते आणि गाळ स्पष्ट दिसतो. हा पेशीबरोबर पुसट होत होता, तिच्याबरोबरच स्पष्ट होत होता. आतच होता तो."

त्या दिवशी तिनं काचेच्या कडेला दोन आकडे लिहून ठेवले. मायक्रोस्कोपवर काच सरकवायला दोन पट्ट्या असतात, एक आडवी, एक उभी. त्यांवरचे आकडे जुळवले की तीच पेशी पुन्हा डोळ्यासमोर येते. दर वर्षी एकदा ती आकडे जुळवून त्याला पाहून यायची; यंदाचं तेवढं राहून गेलं होतं. भेटायला जावं असा नातेवाईक तिला तेवढा एकच.

आता तिची निवृत्ती महिन्यावर आली होती. केंद्राच्या नव्या प्रमुख मॅडम जुन्या काचांवरचं रक्त खरवडून त्याची जनुकं तपासायला पाठवणार होत्या. कोणता परजीवी कुणाचा भाऊबंद, हे त्यातून कळतं. पण तपासणी महाग, म्हणून स्वतःच्या डोळ्यांनी परजीवी दिसेल तीच काच त्या यादीत घेणार होत्या. यादी शुक्रवारी बंद व्हायची होती. सोमवारी आत्या काच घेऊन त्यांच्याकडे गेली. मी यादी टाइप करायला तिथेच होतो.

मॅडमनी आकडे जुळवले. "इथे काही नाही, बाई."

"जरा इकडेतिकडे बघा."

त्यांनी दहा मिनिटं पाहिलं. "स्वच्छ आहे हो," त्या अगदी मायेनं म्हणाल्या. सरांसारखं खेकसल्या असत्या तर बरं झालं असतं.

आत्यानं मग स्वतः सगळी काच वाचायला घेतली, पण मोतीबिंदू झालेला डोळा तासाभरात पाझरायला लागला. बुधवारी संध्याकाळी ती म्हणाली, "असेल गाळ." बावीस वर्षांत पहिल्यांदा. चेष्टा करायचा माझा धंदा त्या दिवशी बंद होता.

गुरुवारी माझ्याकडे भंगाराची यादी टाइप करायला आली. जेवणाच्या सुट्टीत मी तिला म्हणालो, "आत्या, तुझा जोडीदार भंगारात निघाला बघ."

"कोण?"

"जुना मायक्रोस्कोप. गेल्या वर्षी बदलून घेतला ना तुझा."

तिचा घास हातातच राहिला. "अरे, आकडे त्याचे आहेत."

प्रत्येक यंत्राची पट्टी वेगळी बसवलेली असते. एकावरचे आकडे दुसऱ्यावर भलतीच जागा दाखवतात. या कामातल्या कुणालाही हे ठाऊक असतं, आणि म्हणूनच बहुधा कुणाच्या लक्षात आलं नाही. मॅडमना वाटलं, आकडे ते आकडे. आणि आत्याला दुसरं यंत्र आहे हेच मनातून मान्य नव्हतं.

मोडक्या खुर्च्यांमागून तो आम्ही काढला. दिवा गेलेला, म्हणून शुक्रवारी सकाळी खिडकीशी ठेवून त्याच्या आरशावर उजेड घेतला. आत्यानं आकडे जुळवले आणि स्वतः न पाहता बाजूला झाली. "तुम्ही बघा."

मॅडमनी नॉब हळूच पुढे फिरवला, मागे फिरवला. पुन्हा फिरवला.

"पेशीतच आहे," त्या म्हणाल्या. मग डोळा न काढताच, "असा मी कुठेच पाहिलेला नाही."

"मी पाहिलाय," आत्या म्हणाली.

फोटो काढून झाले. खरवडल्यावर काचेवर काही उरणार नव्हतं. मॅडमनी पातं हातात घेतलं तेव्हा आत्या म्हणाली, "द्या इकडे," आणि तिनं स्वतःच खरवडलं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, एक कण न सोडता.

अहवाल आला तेव्हा ती निवृत्त होऊन पाच आठवडे झाले होते. परजीवीच होता. ज्ञात असलेल्यांपैकी कुणाशीही जुळत नव्हता, वटवाघळांतल्या भावंडांपासूनही बराच दूर, एकटा निघालेला. मी प्रत घरी आणली.

"कुणाला तरी कळव की," मी म्हणालो. "त्या सरांना."

"ते चार वर्षांपूर्वीच गेले. वटवाघूळ पकडून आणणारा शिकारीही गेला." तिनं चष्मा पुसला. "ज्यांना त्याचं महत्त्व कळलं असतं ते नाहीत, आणि जे आहेत त्यांना मशीननं सांगितलंय."

"बाबांना?"

कागद उजेडाकडे धरून तिनं तो मला मोठ्यानं वाचून दाखवला, एकेक शब्द सावकाश. त्या अहवालाची ही प्रत मीच सकाळी ऑफिसात टाइप केली होती. पण पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा करून मी शेवटपर्यंत ऐकला, आणि मधे दोनदा "काय सांगतेस," असंही म्हणालो.