डावा मागं पडतोय

बायको जाऊन आठ महिने झाले. आमच्यात घरातलं माणूस गेलं की वर्ष सरेपर्यंत ढोलाला हात लावत नाहीत. निरवांगीच्या घरात माझा ढोल खुंटीला टांगलेला आहे, त्याच्यावर धूळ बसली.

तेवढ्यात नात माझ्या हातची गेली. ही माझ्या लेकीची पोरगी, कन्हेरीला बापाच्या घरी राहते. सुट्टीला आली की माझ्यापुढं बसून ढोलावर थाप मारायला शिकायची. आता बारामतीला ड्रमच्या क्लासला जाते. घरी सराव करायला तिला इलेक्ट्रॉनिक ड्रम पाहिजे, आणि तो घेऊन देणार माझा व्याही! ज्याला भजनात टाळ धड वाजवता येत नाही, तो.

लेकीनं फोन केला, "आबा, तुमी बारामतीला दुकानात या. तुमाला वाजवण्यातलं कळतं."

एसटीनं गेलो. मनात खोट धरूनच गेलो. असला ड्रम निवडायचा की पोरीला दोन महिन्यांत वीट यावा, आणि वर्ष सरलं की ती परत माझ्या ढोलाकडं यावी.

दुकानात दोन ड्रम मांडलेले. एकाच्या थाळ्या रबराच्या, दुसऱ्याच्या बारीक जाळीच्या. दोन्ही घडी घालून कॉटखाली जातील एवढेच. दुकानवाली म्हणाली, "हेडफोन लावला की आवाज फक्त वाजवणाऱ्याला. बाहेर नुसती काठीची टकटक."

व्याही लगेच स्टुलावर बसला. त्याची बायको पुढं झाली. "अवो, टोपी काढा आदी. टोपीवरनं बसंल का त्ये?" तिनंच टोपी काढली, हेडफोन नीट लावून दिला आणि टोपी हातात धरून उभी राहिली.

मला हेवा वाटला. ड्रमचा नाही, त्या टोपीचा. मी एकच सदरा चार दिवस घातला तरी मला काढा म्हणणारं कोणी नाही.

नात म्हणाली, "आबा, आता तुमी वाजवा."

"वर्ष न्हाय झालं."

"आवाज भाईर जात न्हाय, आबा. आजीला कळायचं पण न्हाय."

"तुझ्या आजीला कळलं असतं," मी म्हणालो. ती चुलीपुढं माझ्याकडं पाठ करून भाकरी थापायची आणि माझ्या डाव्या हाताची थाप उशिरा पडली की तिथनंच ओरडायची, "डावा मागं पडतोय!" जन्मभर ओरडली. एकदाही चुकली नाही.

मी वाजवलं नाही. ढोलाचं कातडं बघतात तसं नुसतं अंगठ्यानं दाबून बघितलं. रबर निबर होतं, प्रत्येक ठोका मनगटात येणार. जाळी उन्हात तापवलेल्या कातड्यासारखी दबून वर येत होती. चांगला कुठला ते तिथंच कळलं.

म्हणालो, "रबरी घ्या."

व्याही उठलाच. "पाव्हणं बोललं, मिटलं. आमाला काय कळतंय त्यातलं? बांधा वो ताई."

त्यानं उलट एक शब्द काढला असता तर मी खोटंच रेटलं असतं. त्यानं नाही काढला. नातीनंही जाळीच्या ड्रमवर ठेवलेल्या काठ्या मुकाट्यानं उचलल्या. तिचं मनगट माझ्या दोन बोटांत मावतं.

"थांबा. जाळीचा घ्या. रबरानं हात भरून येतील तिचं."

"आत्ता तर रबरी म्हनला!" व्याही म्हणाला.

"म्हनलो. मुद्दाम म्हनलो."

लेकीनं मान खाली घातली. विहीणबाई मात्र हसल्या. "इवाई, रुसायचा मान आमचा असतुय, मुलाकडच्यांचा. तुमी कुठं रुसताय?"

सगळे हसले. मी हसलो नाही. खोकं त्या दोघा नवराबायकोनी दोन बाजूंनी धरून नेलं, तेही मी बघत राहिलो.

परवा नातीचा फोन आला. "आबा, फोन स्पीकरवर ठिवलाय, ऐका." तिच्या एका कानाला हेडफोन, म्हणजे ताल तिलाच ऐकू येणार. फोनवर मला नुसती टकटक. मी डोळे मिटून ऐकली.

"डावा मागं पडतोय," मी म्हणालो.

टकटक थांबली. मागनं व्याह्याचा आवाज आला, "आरं तिच्या! आमी हितं शेजारी बसलोय, आमाला कसं न्हाय कळलं?"

मला लई बरं वाटलं.

"वाजव परत," म्हणालो. "मी हाय फोनवर."