रंगाखालची तारीख

तारीखमास्तर मुळातच भित्रे. कुत्रं भुंकलं की रस्ता बदलणार, लिफ्ट जरा थरथरली की जिना धरणार. बॅटऱ्यांच्या दुकानात त्यांनी एकतीस वर्षं काढली, तीही या भीतीच्याच जोरावर. गिऱ्हाइकाची गाडी कुठंतरी आडवाटेला बंद पडेल, ही धास्ती गिऱ्हाइकापेक्षा त्यांनाच जास्त असायची.

गाडीत बॅटरी बसवली की ते बारीक ब्रशनं तिच्यावर पांढऱ्या रंगात महिना आणि साल लिहीत. नाव पडलं ते त्यावरूनच. "मास्तर, माझ्या कपाळावरही एक तारीख टाका, बायकोला कळू दे नवरा कधी बदलायचा," असं समोरच्या घरातला टॅक्सीवाला दर वेळी म्हणायचा. मास्तर हसत नसत. ते आपलं ठरलेलं सांगत, "तीन वर्षं बिनघोर फिर. चौथ्या वर्षी तपासून घेत जा. पाचवं लागलं की तिच्या भरवशावर कुठं जाऊ नकोस. थंडीत दगा देते म्हणून लोक थंडीला शिव्या घालतात, पण तिला मारलेलं असतं उन्हाळ्यानं. आणि गाडी सुरू होताना आवाज जड आला, तर तिचं वय विचारत बसू नकोस. मीटर लावून तिचा जोर मोज."

त्या वर्षी लेक बाळंतपणासाठी माहेरी आली होती, नववा महिना लागला होता. जावई दूरच्या नोकरीवर. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट बजावलं होतं, "बाळ पायाळू आहे. कळा सुरू झाल्या की एक क्षण थांबू नका." तेव्हापासून रोज सकाळी मास्तर खाली जाऊन गाडी सुरू करून बघत, दोन मिनिटं ऐकत, मग वर येऊन चहा घेत.

मंगळवारी गाडी कण्हली. कुर्र, कुर्र, आणि मग कशीबशी लागली. मास्तरांनी लगेच बॉनेट उघडलं. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमली होती. आणि वर त्यांच्याच अक्षरातली तारीख होती. अडीच वर्षं, फक्त अडीच! त्यांनी भुकटी धुतली, नट आवळले, पुन्हा किल्ली फिरवली. लागली.

"दुकानातून मीटर आणा आणि लावून बघा," बायको म्हणाली.

"अगं, माझ्या हातची तारीख आहे. अजून पोर आहे ती."

भित्र्या माणसाला चांगली बातमी फार लवकर पटते. शिवाय खरं सांगायचं तर मीटर काय सांगेल, याचीच त्यांना भीती वाटत होती.

गुरुवारी भर दुपारी लेकीला कळा सुरू झाल्या. दोघांनी तिला धरून खाली आणलं, मागच्या सीटवर बसवलं. मास्तरांनी किल्ली फिरवली.

टक.

पुन्हा फिरवली. टक. समोरचे दिवे मिणमिणले आणि विझले.

"बाबा, काय झालं?"

"काही नाही, काही नाही. होतेय सुरू." बायकोनं अँब्युलन्सला फोन लावला. यायला चाळीस मिनिटं लागतील म्हणाले. लेक ओठ चावून कण्हत होती.

मास्तरांनी बॉनेट उघडलं. का कोण जाणे, त्यांनी किल्लीच्या टोकानं आपलीच तारीख खरवडली. पांढरा रंग निघाला आणि खाली कारखान्याचा बारीक शिक्का दिसला. पाच वर्षं, तीन महिन्यांपूर्वीचा.

मग सगळं आठवलं. बॅटरी दुकानातल्या खालच्या फळीवर मागं पावणेतीन वर्षं पडून होती. गिऱ्हाइकाला शिळा माल द्यायचा नाही, हा त्यांचा बाणा. घरच्या गाडीला काय, चालतंय की, म्हणून त्यांनी ती चार्ज करून आपल्या गाडीत बसवली आणि हाताच्या सवयीनं वर त्या दिवसाची तारीख रंगवली, नेमकी शिक्क्यावर. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ज्या तारखेवर विसंबून ते दोन दिवस निवांत झोपले होते, ती त्यांनी स्वतःच स्वतःला मारलेली थाप होती.

मास्तरांनी फोन केल्यावर टॅक्सीवाला "आलोच" म्हणाला आणि दहा मिनिटांत आला. ती दहा मिनिटं मास्तर आयुष्यभर विसरले नाहीत. लेकीच्या किंकाळ्या ऐकताना त्यांना तिच्याकडे बघायचीही लाज वाटत होती.

टॅक्सी निघाली. पहिल्याच सिग्नलला टॅक्सीवाल्यानं सवयीनं इंजिन बंद करायला किल्लीला हात घातला.

"बंद करू नकोस!" मास्तर ओरडले. "हिची बॅटरी कधीची?"

"मला काय विचारता? तुम्हीच तर तारीख टाकलीय, मास्तर. मी तेवढी बघतो आणि निर्धास्त फिरतो."

एकतीस वर्षांत रंगवलेल्या तारखा मास्तरांच्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. त्यातल्या कितींच्या खाली जुना शिक्का होता आणि त्यांनी तो पाहिला नव्हता? ते पुढच्या सीटवर मूठ आवळून इंजिनाचा आवाज ऐकत बसले. दवाखान्याच्या दारात उतरतानाही ते एवढंच म्हणाले, "चालू ठेव. मी सांगेपर्यंत चालू ठेव."

दीड तासानं बायको बाहेर आली. ऑपरेशन करावं लागलं होतं. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी थोडा उशीर झाला असता तर..." पुढचं तिला बोलवेना. मास्तर ओक्साबोक्शी रडले.

डोळे पुसून ते खाली आले. टॅक्सी दारातच उभी होती. इंजिन अजून चालूच होतं.

"नात झाली," मास्तर म्हणाले.

"वा! मग बंद करू ना आता?"

"कर. आणि बॉनेट उघड," मास्तरांनी खिशातून किल्ली काढली. "माझ्या तारखेखाली काय आहे, ते बघू दे मला."