गव्हाणीतला पेंढा

मनोरीत ग्रेटाच्या घरी नाताळचा गोठा मांडून झालाय आणि गव्हाण अजून रिकामी आहे. काल फोनवर तिनेच सांगितलं.

आमच्या मनोरीच्या फेऱ्या ऐंशीच्या दशकात सुरू झाल्या. मी तेव्हा वर्तमानपत्रात होतो आणि नाताळच्या खरेदीवर मजकूर द्यायचा होता. अंधेरीची दुकानं पालथी घातली. कापसाच्या दाढीचे सांताक्लॉज, सोनेरी झिरमिळ्या, केकवर सूट, सगळं लिहिलं. छपाई विभागातल्या ऑल्विनने ते वाचलं आणि म्हणाला, "झकास लिहिलंस रे. पण वाढदिवस कुणाचा, ते कुठाय यात? चोवीसला घरी ये माझ्या, मनोरीला."

मी आणि बायको सुमन सकाळीच गोरेगावहून निघालो. मालाडहून मार्व्याला बस, तिथून होडी. जाणार असाल तर सुट्टे पैसे ठेवा आणि भरतीची वेळ विचारून घ्या. आम्ही न विचारता गेलो आणि चपला हातात घेऊन चिखल तुडवला. पलीकडे वाळणाऱ्या बोंबलांच्या वासातून थोडं चाललं की ऑल्विनचं घर.

त्याची आई फुगे तळत होती. नारळाच्या रसातल्या मैद्याचे हलके, गोल फुगे. "खा. गोरेगावात पीठ फुगत नाय वाटतं, किती सुकलायस!"

ओटीवर बांबूचा गोठा होता. मातीची गुरं, मारिया, योसेफ, आणि मधे लाकडी गव्हाणीत वेडावाकडा पेंढा. आम्ही कोकणातले, घरच्या गणपतीचं मखर दरवर्षी मीच करतो. हात शिवशिवले. पिशवीत अंधेरीहून आणलेल्या झिरमिळ्या होत्याच.

"विचार तरी," सुमन म्हणाली.

"अगं, आरास करायला विचारायचं काय?"

पेंढा काढून अंगणातल्या शेळीपुढे टाकला आणि गव्हाण सोनेरी करून टाकली.

ऑल्विनची सात वर्षांची मुलगी ग्रेटा अंघोळ करून आली आणि तिथेच थबकली. "माझा पेंढा?"

शेवटची काडी शेळीच्या तोंडात होती.

ऑल्विनने कपाळाला हात लावला. "वाट लावलीस ना यार!"

आजीने झारा खाली ठेवून समजावलं. डिसेंबर लागला की ग्रेटा कुणासाठी काही चांगलं करायची आणि गव्हाणीत एक काडी ठेवायची. काय केलं ते सांगायचं नाही. चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिसानंतर बाळ येशूला त्याच पेंढ्यावर निजवायचं.

"आता तो लाकडावर निजेल," ग्रेटा म्हणाली. ती रडली असती तर बरं झालं असतं.

"मी नवा भारा आणतो, बाळा."

"तसला नाय चालत, काका."

"मग अजून दिवस आहे," आजी म्हणाली. "सगळ्यांनी काही चांगलं करा आणि काडी घाला. तू पण."

त्या दुपारी घरात कोणी कोणाला काम करू देईना. विहिरीवर सुमन आणि ऑल्विनची कळशीवरून ओढाताण झाली. फुगे शेजारी पोचवायला तिघं निघाले. आजी ओरडली, "अरे, मला काहीतरी ठेवा!" गव्हाणीत काड्या पडत होत्या आणि कोणी टाकली ते कोणी विचारत नव्हतं. सर्वांत उशिरा मी माझी ठेवली. ग्रेटाने ती बघितली आणि हळूच मधे सरकवली, डोक्याखाली येईल अशी.

संध्याकाळची होडी गाठायची होती, त्यामुळे बाळ येशूला काही आम्ही पाहिलं नाही. सुट्टीनंतर ऑल्विन टेबलापाशी आला. "नीट झोपला म्हणे. ग्रेटाने सांगायला सांगितलंय."

खरेदीवरचा तो मजकूर मला आज आठवतही नाही. झिरमिळ्या पुढच्या गणपतीत वापरल्या. मात्र डिसेंबर लागला की सुमन आणि मी एकमेकांपासून काहीतरी लपवायला लागतो, ते अजून चालू आहे.

यंदा चोवीसला सकाळच्या होडीने निघू. भरतीची वेळ विचारून ठेवली आहे. माझ्याकडे एक काडी जमली आहे, कशाची ते सांगणार नाही. शेळी लांब बांधून ठेवते, असं ग्रेटाने कबूल केलंय.