विहिरीबाहेरचं पाणी

माझे आप्पा सांगोल्याकडे विहिरी बांधतात. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि माझी फी विहिरींच्या दगडांतून आली. जयपूरच्या ऑफिसात कुणी विचारलं की मी हे लगेच सांगते. नाही विचारलं तरी सांगते. म्हणूनच एका विहिरीच्या कामात झालेली चूक मला जास्त लागली.

रविवारी मी मराठी मंडळातल्या दहा-बारा मुलांना सायकलवर शहराबाहेर घेऊन जाते. बँकेत, विम्यात बदलून आलेल्यांची ही मुलं, आठवी-नववीतली. एकदा थंडीत बगरू गावाच्या पुढे एका शेतावर थांबलो, तर कठडा नसलेल्या विहिरीत कोल्हा पडलेला. शेताच्या मालकांनी खाटेच्या चारी पायांना दोर बांधून ती पाण्यात सोडली. कोल्हा वर चढून बसला. खाट काठाशी आली तशी त्याने उडी मारली आणि मोहरीत दिसेनासा झाला. त्या दिवसापासून ते मालक आमचे ताऊजी, म्हणजे थोरले काका, झाले, आणि मुलांनी ठरवलं, इथे भिंत बांधायचीच.

पैशांसाठी त्यांनी जयपूर ते बगरू सायकलफेरी काढली. किलोमीटरमागे कोण किती देणार, ते दारोदार फिरून वहीत लिहून घेतलं. सी-स्कीम भागातली आईबाबांची ऑफिसंसुद्धा सोडली नाहीत. मी झकास प्रेझेंटेशन केलं : विहीर, कोल्हा, भिंत. होळीपर्यंत कमरेएवढा कठडा उभा राहिला. मी आप्पांना फोटो पाठवला.

त्यांचा फोन आला. "भित झ्याक हाय. डोणी कुठंय?"

डोणी म्हणजे जनावरांना पाणी पिण्यासाठी विहिरीबाहेर ठेवतात ते दगडी कुंड. आमच्याकडे प्रत्येक विहिरीला असते. मी लहानपणी त्यात बसून आंघोळ केलीय.

"आप्पा, पैसे भिंतीचेच जमवलेत."

"मग कोल्ह्यानं प्यायचं कुठं? तहान लागल्यावर जनावर भित बघत न्हाई."

"बघू," म्हणून मी फोन ठेवला. बघितलं नाही. लोकांना फोटो गेले होते, शाबासकी मिळाली होती. आता परत तोंड वेंगाडायचं कशाला, असं वाटलं.

मे महिन्यात ताऊजींचा फोन आला. "बिटिया, गीदड़ दीवार कूद गया. सुबह देखा तब तक मर चुका था."

त्या रविवारी मी मुलांना सगळं सांगितलं. कोल्हा मेला, आप्पांनी आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. एका मुलाने सायकलची घंटी उगाच दोनदा वाजवली. मला वाटलं, संपलं. पुढच्या रविवारी ही येणार नाहीत.

मग एक जण म्हणाला, "मतलब परत पैसे मागायचे? आमच्या सोसायटीत आता दारच नाही उघडणार कोणी."

"मी मागते," मी म्हणाले. "चूक माझी आहे."

"तुम्ही एकट्या नाही, ताई," नववीतली एक मुलगी म्हणाली. तिचं मराठी अडखळतं, पण अडखळत का होईना, ती वाक्य पूर्ण करते. "पण खरं सांगायचं. भिंत बांधली तरी मेला, असं."

पहिल्याच दारात एका काकांनी आम्हाला धरलं. "मागे भिंत, आता डोणी. पुढच्या वेळी कोल्ह्याला कूलर?"

"काका, आधी डोणी तर द्या," ती मुलगी म्हणाली. "कूलरचं... कूलरचं मग बघू."

काका हसले आणि वही ओढून घेतली. सगळेच हसले नाहीत. दोन दारं खरंच बंद झाली. आम्ही पुढचं दार वाजवलं.

जूनमधली फेरी आम्ही पहाटे काढली, ऊन चढायच्या आत पोचायला. ताऊजींनी दगड आणून ठेवला होता. आप्पा व्हिडिओ कॉलवर. "येक बाजू उतरती ठिवा. पिल्लू पडलं तर भाईर याया पायजे." मी सिमेंट-वाळूचा माल लहानपणी कालवला होता, मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा. आप्पा एकाला म्हणाले, "आरं, थापी हाय ती, बॅट न्हवं." त्या पोराला अर्धंच कळलं, पण त्याने हात सैल केला. दुपारपर्यंत सगळ्यांचे हात सिमेंटने भाजल्यासारखे झाले होते, आणि कुणीही घरी जाऊ म्हणेना.

डोणी वाळल्यावर पुढच्या रविवारी ताऊजींनी मोटर चालू करून ती भरली. त्यानंतरच्या रविवारी गेलो तेव्हा पाणी चार बोटं खाली गेलेलं. उतरत्या बाजूच्या चिखलात खुरांचे आणि पंजांचे ठसे होते. नीलगाईचे खूर मला ओळखता आले, बाकीचे ताऊजींनी बोट ठेवून दाखवले. "ये गीदड़."

नववीतली ती मुलगी विहिरीकडे धावली. कठड्यावर पोट टेकून तिने बराच वेळ आत पाहिलं.

"काही नाही, ताई. फक्त पाणी आहे."

ताऊजींच्या भावाच्या शेतातही उघडी विहीर आहे. तिचं प्रेझेंटेशन मी केलंय. पहिल्या पानावर डोणी आहे, मापं आप्पांची. वह्या मुलांकडे आहेत.