काकीच्या दारात कोण गेलतं?

भुताखेताचं सांगणाऱ्याला तोंडावर खोटा म्हणणारा मी माणूस. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी... पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय कशाला मान हलवली नाही. हे मात्र माझ्याच बाबतीत झालं, म्हणून लिहितोय.

स्वातंत्र्यानंतरचं पहिलं इलेक्शन. कुरुंदवाडाजवळच्या आमच्या गावात प्रचाराचं काम माझ्याकडं होतं. उमेदवारानं एकच बजावलेलं — "कागदं वाटून मतं मिळत न्हाईत. दारात जा, माणसाच्या तोंडाकडं बघून माग." मी सगळं गाव पालथं घातलं. एक दार सोडून... माझ्या सख्ख्या चुलतीचं.

त्याचं असं झालं, बहिणीच्या लग्नाची अक्षत मी काकीकडं शेजाऱ्याच्या हातनं धाडली. आमच्यात ती घरच्या माणसानं स्वतः दारात जाऊन द्यायची. काकी लग्नाला आली नाही. उलट निरोप — "त्याला म्हणावं, पाय मोडलं न्हवतं की तुझं!" मलाही राग आला. तेव्हापासून बोलणं बंद. आता मतासाठी तिच्या दारात जायचं? छ्या! येतील न्हायतर ऱ्हातील.

मतदानादिवशी शाळेपुढं उभा होतो. बघतो तर काकी! मागं सून आणि भावकीतल्या सगळ्या बायका. काठी टेकत माझ्यापाशी आली, गालावरनं हात फिरवला.

"आलास बाबा एकदाचा. परवा उंबऱ्यात बसून रडलास, तवाच माझा राग गेला."

"कोण रडलं?"

"आता चारचौघांत लाजतोय बघा!" सून, म्हणजे माझी वहिनी, हसली. "भावजी, भर दुपारचं येऊन ताक दोनदा मागून घेतलंसा की. आन् पाया पडताना पटका सुटला तुमचा!"

परवा दिवसभर मी हुपरीला सभेत होतो. जीपमधून आठ-दहा माणसं बरोबर गेलतो, अंधार पडल्यावर परतलो. आणि या दोघींनी मला भर दुपारी बघितलेलं...

"मी आलोच न्हवतो" हे अगदी ओठावर आलेलं. पण काकीचं तोंड एवढं फुललेलं, की गप्प बसलो. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी असायची; तिनं आत जाऊन आमच्या पेटीला हळदकुंकू वाहिलं आणि मत टाकलं म्हणे.

खरंच तिच्याकडं जायचं, असं त्याच दिवशी ठरवलं. पण जाऊन काय बोलणार? आज जातो, उद्या जातो करत राहिलो... आणि पावसाळ्याच्या तोंडावर काकी गेली. तेराव्याच्या दिवसाला भावकी म्हणाली, "तू जाऊन पाया पडलास, लई बरं केलंस. म्हातारी समाधानानं गेली." मी मान हलवली.

पुढं बऱ्याच वर्षांनी वहिनीला एकटीला गाठून सांगितलं — "तो मी न्हवतो." तिनं आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "भावजी, पाया पडते, हे कुणाला सांगू नगासा. आत्याबाई तेवढ्यावरच गेल्यात."

आता वहिनीही नाही, म्हणून लिहिलं. कोण गेलतं तिथं, मला आजही सांगता येत नाही. मी गेलो नव्हतो, एवढंच खरं.