मधला दांडा

भोसरीतल्या माझ्या वर्कशॉपकडे परदेशातून चौकशी आली. डोंगरात शिकार करणाऱ्यांना बंदूक टेकवायला हलकी तिपाई हवी होती. तिकडे शिकारीचा परवाना मिळतो म्हणे. मी उभ्या जन्मात उंदीर मारलेला नाही! पण नमुना पसंत पडला तर वर्षभराचं काम होतं, आणि नाही पडला तर पाच माणसांना घरी बसवावं लागणार होतं. ते पाचही जण रोज डोळ्यांसमोर, त्यामुळे माझं डोकं आधीच फिरलेलं.

दोन नमुने केले. एक ॲल्युमिनियमचा, दणकट पण जड. दुसरा कार्बन फायबरच्या नळ्यांचा, हलका, आणि त्याच्या मधोमध उंची कमीजास्त करायला दांडा. तो दांडा मी स्वतः लेथवर उभं राहून केलेला, त्यामुळे त्याचं कौतुक विचारू नका. ग्रॅनाइटच्या सपाट टेबलावर तिपाई ठेवली, केसभर हललं तरी दाखवणारा डायल लावला. काटा ढिम्म हलेना.

"हीच पाठवायची," मी जाहीर करून टाकलं.

आमचे फिटर मामा, मूळचे मावळातले, निवृत्तीला टेकलेले. चष्मा कपाळावर सारून ते म्हणाले, "साहेब, डोंगरावर ह्ये टेबल कोन नेनार हाय?"

असा राग आला म्हणता! पण आम्हा शॉपवाल्यांची खोडच ती, जगातली प्रत्येक वस्तू सपाट दगडावर तपासायची.

रविवारी सकाळी आम्ही दोघं घोरावडेश्वरचा डोंगर चढलो. दोन्ही तिपाया मामांच्या खांद्यावर, आणि धापा मात्र मी टाकत होतो.

वर भन्नाट वारं. मी उतारावर माझी तिपाई मांडली, दांडा वर ओढला आणि त्यावर बंदुकीऐवजी दुर्बीण बांधली. खाली हायवेवरचा बोर्ड असा थरथरत होता की एक अक्षर लागेना. ॲल्युमिनियमची हलत नव्हती, पण ती दिवसभर खांद्यावर कोण वागवणार? मी कपाळाला हात लावला.

मामांनी माझ्या तिपाईचा दांडाच काढून बाजूला ठेवला. दुर्बीण थेट तिन्ही पायांच्या जोडावर बांधली. दोन पाय उताराकडे, तिसरा आखडून वरच्या अंगाला. मधे वजनाला पाण्याच्या बाटल्यांची पिशवी लटकवली आणि मागे फतकल मारून बसले.

"आता बघा."

बोर्डावरचं अक्षर न् अक्षर वाचता आलं. शिवाय दांड्याचं वजनही गेलेलं. कमाल आहे राव या माणसाची!

"मामा, त्या शिकाऱ्यांना शेवटी जनावर मारायचंच आहे ना? तुम्ही कशाला एवढं मनावर घेता?"

"नेम हलला तर जनावर मरत न्हाई साहेब, तळमळत ऱ्हातं. आमी गुरं राखल्याली मान्सं. त्ये बघवत न्हाई."

इतके दिवस मी डायलच्या काट्याकडे बघत होतो. बंदुकीच्या त्या टोकाला कुणी उभं आहे, हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

नमुना दांड्याशिवाय पाठवला आणि पसंत पडला. पाचही जण कामावर राहिले. खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत पहिली तिपाई ठेवली, तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगितलं, डिझाइन मामांचं आहे.

मामा लाजून म्हणाले, "न्हाई न्हाई, डिझाइन सायबांचंच. म्या फकस्त एक पार्ट काढला."

सगळे खो खो हसले. मला मात्र त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि मी पडलो.