चुन्नीलालच्या गाडीला नवे आरसे

कुडव्याच्या उदारामला कोणी मेकॅनिक म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. "मेकॅनिक इंजिनाचा असते. मी पत्र्याचा माणूस आहो," असं तो तोंडावर ऐकवायचा. खोटं नव्हतं ते. सडक अर्जुनीला हायवेवर ट्रकांच्या चेपलेल्या केबिनी ठोकून ठोकून त्याचा एक कान गेला, पण हात असा तयार झाला की डोळे मिटून दारावरून पंजा फिरवला तरी पोचा कुठं आहे ते सांगायचा. जीभ मात्र हातोडीहून जड. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की म्हणायचा, "एवढी घाई होती तं गाडी झाडाले कायले नेऊन ठोकली?"

अशा खवट माणसाचा जीव एका गाडीत अडकला होता, आणि गंमत अशी की ती गाडी त्याची नव्हती. ती बिरसीच्या चुन्नीलालची, जुनी अँबेसेडर. दोघं शाळेत एका बाकावर बसलेले, एकमेकांच्या पाट्या फोडलेले. चुन्नीलालच्या बापानं हौसेनं घेतलेली ती गाडी, बाप गेल्यावर धानाच्या कोठीशेजारी उभी होती आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालत होत्या. उदारामनं एक दिवस ते पाहिलं. "बापाची निशाणी कोंबड्यांले देली काय बे?" म्हणून चुन्नीलालला चार शिव्या घातल्या, आणि पुढच्या रविवारी हत्यारांची पिशवी सायकलला अडकवून हजर झाला.

एक नाही, दोन नाही, अकरा वर्षं तो रविवारी बिरसीला जात राहिला. डावं दार तर गंजून भाकरीसारखं तुटत होतं. तसं दार कुठं मिळेना, तेव्हा त्यानं साध्या पत्र्यातून ते स्वतः ठोकून काढलं. एका दाराला एक उन्हाळा गेला. त्याची बायको सुमित्राबाई त्या गाडीला सवत म्हणायची. डबा भरताना विचारायची, "काय जी, सवतीले भाजी तिखट चालते का फिकी?" तो हसायचा, पण निघायचाच.

ज्या दिवशी गाडी आपल्या पायानं अंगणाबाहेर आली, त्या दिवशी चुन्नीलालचे डोळे भरून आले. त्यानं उदारामच्या खांद्यावर हात ठेवला. "मी ठेवीन तोवर हे गाडी माझी. विकाची झाली तं पहिलं तुले विचारीन. तू नाही म्हणशील तवाच दुसऱ्याले." बस, एवढंच. कागद नाही, काही नाही. पण उदारामला कागदाची गरजच वाटली नाही. त्यानं दुकानाला लागून टिनाचं एक शेड घातलं आणि रिकामं ठेवलं. कोणी विचारलं, "हे कशासाठी?" तर म्हणायचा, "असू दे." तो वाट पाहत होता. आयुष्यात त्यानं दुसऱ्या कोणत्याच वस्तूची अशी वाट पाहिली नव्हती.

यंदा होळी झाल्यावर चुन्नीलाल गाडी घेऊन कुडव्याला आला. गळ्यात मानेचा पट्टा, हातात खोका. खोक्यात दोन मोठे चकचकीत आरसे. गाडीला मुळात एकच आरसा होता, चालवणाऱ्याच्या बाजूला, क्लिपनं अडकवलेला, बशीएवढा.

"मान धरली गा," चुन्नीलाल म्हणाला. "मागं वळून पाहताच येत नाही. हे दोन्ही दारांवर बसवून दे."

आता उदारामचा एक नेम होता. जुन्या गाडीच्या दारात नवं भोक पाडायचं नाही. भोकातून पाणी जातं, पाण्यानं गंज येतो, आणि गंज दार खाऊन टाकतो. भल्याभल्यांना त्यानं यावरून परत पाठवलं होतं.

"क्लिपवाले लाव ना," तो म्हणाला.

"ते थरथरतेत. मले साफ दिसलं पाहजे. रस्त्यावर मरू का मी?"

मरणाची गोष्ट काढल्यावर उदाराम विरघळला. दार मोठं की दोस्त? त्यानं सुमित्राबाईकडून मळलेल्या कणकेचा गोळा आणला. ही त्याची रीत. कणकेनं आरसा दाराला चिकटवायचा, चालवणाऱ्याला सीटवर बसवायचं, त्याच्या डोळ्याला मागचा रस्ता दिसेपर्यंत आरसा सरकवायचा, मगच खूण करायची. "आरसा गाडीले नसते लावाचा, डोळ्याले लावाचा," असं तो म्हणे.

"बस," त्यानं सांगितलं.

"बसवत नाही गा. तुले काय माहीत नाही माझी बैठक? मी गावातून एक काम करून येतो."

बिरसीपासून कुडव्यापर्यंत हाच माणूस गाडी चालवत आला, मग आताच काय झालं बसायला? दुसरं कोणी असतं तर उदारामनं त्याला तिथंच पकडलं असतं. चुन्नीलालला काय पकडायचं! तो स्वतः सीटवर बसला. चुन्नीलाल बुटका, खाली गोधडीची घडी घेऊन स्टेअरिंगला चिकटून बसणारा; उदारामनं तसंच बूड पुढं सरकवलं, मान खाली घातली, त्याच्या डोळ्यांनी आरशात पाहिलं आणि खूण केली. ड्रिल दोनदा हातात घेऊन दोनदा खाली ठेवलं. मग उजव्या दारात भोक पाडलं. डाव्या दाराला, आपण जन्माला घातलेल्या त्या दाराला, बिट लावण्याआधी त्यानं त्यावरून एकदा पंजा फिरवला. पण पाडलं. भोकांच्या काठांना बोटानं रंग लावला, रबर बसवलं, आरसे कसले.

दुपारी चुन्नीलाल परत आला. गळ्यात पट्टा नव्हता. सोबत एक उंच, गोरा माणूस होता.

"हे इंद्रकुमारजी, रायपूरचे. जरा बसून पाहतेत."

त्या माणसानं गोधडी उचलून मागं टाकली, सीट खाडकन मागं सरकवलं आणि आरशात पाहिलं. "अंकल, पीछे का कुछ नहीं दिख रहा. बीच में ये डंडा आ रहा है." दाराच्या पुढच्या कोपऱ्यातल्या छोट्या काचेची चौकट त्याच्या नजरेच्या आड येत होती.

"चार बोटं पुढं घे ना," चुन्नीलाल दुसरीकडं पाहत म्हणाला. "दुसरं भोक पाड."

"पाहाचं तुले आहे ना बे?"

उत्तर दिलं ते इंद्रकुमारनं, बिचाऱ्याला काय ठाऊक! "मैं तो आज ही ले जा रहा हूँ. भाईसाहब को पहले ही बोला था, हाईवे का मामला है, दोनों तरफ मिरर लगेंगे तभी लूँगा."

भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तो असा. उदारामला आधी राग आलाच नाही, लाज वाटली. ज्या भोकांशिवाय गाडी जाणार नव्हती, ती त्यानंच पाडून दिली होती, आणि तीही दोस्ताच्या मानेची काळजी करत. केसानं गळा कापायचा आणि केसही ज्याचा गळा त्याच्याच डोक्यातला घ्यायचा!

तरी त्यानं कणीक उचलली. समोरचा माणूस परका होता, पण दीडशे-दोनशे किलोमीटर जाणार होता. त्याला मागचा ट्रक दिसायलाच हवा. उदारामनं त्याला नीट बसवलं, आरसे सरकवले, विचारून विचारून खुणा केल्या आणि पुन्हा दोन भोकं पाडली. पहिली दोन पुट्टीनं बुजवली. इंद्रकुमारनं "वाह अंकल!" म्हणून गाडी सुरू केली आणि इंजिन तापवत आतच बसला.

तेव्हा उदारामनं चुन्नीलालचं मनगट धरलं.

"मले काऊन नाही विचारलं?"

"अगा, लवकर लवकर झालं सारं..."

"लवकर झालं तं मानेचा पट्टा कुठून आणला बे? विचाराले किती वेळ लागते? मी नाही म्हटलो असतो तं खुशाल देतास."

चुन्नीलालनं मनगट सोडवायचा प्रयत्न केला. सुटेना, तेव्हा चिडून, पण खालच्या आवाजात म्हणाला, "तेच तं! विचारलं असतं तं तू हाव म्हटला असता. मग मले तुलेच देना लागली असती, तेही दोस्तीच्या भावात."

उदारामच्या हातातून मनगट सुटलं. इतका वेळ त्याला वाटत होतं, वयामुळं चुन्नीलाल दिलेला शब्द विसरला असेल. तो विसरला नव्हता. शब्द जसाच्या तसा त्याच्या ध्यानात होता. विसरला असता तर उदारामनं त्याला माफ केलं असतं.